रोजची गोळी

“वय झालं, दुसरं काय!”

मंडळी, हे वाक्य आयुष्यात एकदाही बोलला नाही असा माणूस तुमच्यात असेल तर त्याने पुढे यावं, मी त्याच्या पाया पडायला तयार आहे. म्हाताऱ्या माणसाला काहीही होऊ द्या, हे वाक्य कुठेही चिकटतं. जेवण जात नाही? वय झालं. तोल जातो? वय झालं. बोलता बोलता शब्द विसरतात? वय झालं हो! रजा टाकायला नको, दवाखान्यात ताटकळायला नको, बसल्या जागी फुकटात निदान. आणि निदान करणारा पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालायला मोकळा.

अशाच एका घरात एक म्हातारे टेलर राहत होते. सगळी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची. उभं आयुष्य शिलाई मशीनवर गेलेलं. नजर अधू झाली तसं दुकान बंद करावं लागलं, आणि हात रिकामे झाल्यावर मन खायला उठलं. झोप उडाली, बोलणं आटलं. घरात त्यांची बायको, म्हणजे आपल्या गोष्टीतल्या आजी, शिवाय मुलगा आणि सून. मुलगा एका मोठ्या कचेरीत हेडक्लार्क होता. आपणही त्याला हेडक्लार्कच म्हणू, कारण घरी आला तरी तो हेडक्लार्कच असायचा. घरातही तोंडी सूचना द्यायचा, आणि सूचना दिली म्हणजे काम झालं असं धरून चालायचा.

माणूस वाईट नव्हता हं. आईबापांवर जीव होता त्याचा. बापाला ब्लडप्रेशर निघालं तेव्हा एका नामांकित डॉक्टरांकडे नेलं, झोप उडाली तेव्हा दुसऱ्या नामांकित डॉक्टरांकडे नेलं, खर्चाला मागेपुढे पाहिलं नाही. फक्त आईने मध्ये काही विचारलं की म्हणायचा, “आई, तुला त्यातलं कळत नाही.” प्रेमानेच म्हणायचा, पण म्हणायचा.

तर एका सकाळी मास्तर शर्ट उलटा घालून चहाला आले. शिवण बाहेर, खिसा आत. रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या खांद्याची शिवण बोटभर सरकली असली तरी ज्याला एके काळी गॅलरीतून दिसायची, तो माणूस उलट्या शर्टात बसला होता आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता. सुनेने हळूच सांगितलं, तर तिच्याकडे बघत म्हणाले, “माप घेतलंय तुमचं. काळजी करू नका.”

सून घाबरली. हेडक्लार्क बूट चढवत होता. मान वर न करता म्हणाला, “वय झालं, दुसरं काय!”

आजी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, हे वयाचं नाही. मागच्या आठवड्यापर्यंत धड होते की! आठवड्याभरात कुणी एवढं म्हातारं होतं का?”

या साऱ्या गोष्टीतलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच, आणि ते ज्या घरात बोललं गेलं तिथे कुणीही ऐकलं नाही. हेडक्लार्क म्हणाला, “आई, तुला त्यातलं कळत नाही,” आणि कचेरीत गेला.

त्याच दुपारी मास्तर न्हाणीघराच्या दारात कोसळले.

* * *

हॉस्पिटलमध्ये एका शिकाऊ डॉक्टरने रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्याने लगेच वॉर्डच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. डॉक्टरीणबाई केस पिकलेल्या, बोलायला सरळ आणि घाईत असतानाही कधी घाईत न दिसणाऱ्या.

“सोडियम फार खाली गेलंय,” त्या हेडक्लार्कला म्हणाल्या. “सोडियम म्हणजे रक्तातला मिठाचा अंश. एकशे पस्तीसच्या खाली जाऊ नये, यांचं एकशे तेरावर आलंय. हे असं उतरलं की मेंदूला सूज येते. माणूस बरळतो, पडतो, झटके येतात. आणखी उतरलं तर...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

हेडक्लार्कच्या तोंडचं पाणी पळालं. “मग मीठ चढवा ना, मॅडम! भराभर चढवा!”

“भराभर चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते. सावकाशच चढवावं लागतं. घरी कोणती औषधं चालू आहेत?”

हेडक्लार्कला सगळं तोंडपाठ होतं. एक ब्लडप्रेशरची, सकाळी. एक झोपेची आणि मनाला उभारी यायची, रात्री. ती नवीच, गेल्या महिन्यात सुरू झालेली. त्याने नावं घडाघडा सांगितली.

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. “पहिल्या गोळीने लघवीवाटे पाणी जातं, त्याबरोबर मीठही जातं. दुसरीने काही म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरतं. दोन्ही एकत्र आल्या आणि घात झाला. घरची सगळी औषधं आत्तापासून बंद. आम्ही देऊ तेवढंच.”

“बंद म्हणजे बंद,” हेडक्लार्क म्हणाला. कॉरिडॉरमध्ये आजी पिशवी पोटाशी धरून बाकावर बसल्या होत्या. तो चालता चालताच त्यांना म्हणाला, “आई, डॉक्टरांनी औषधं बंद केलीत. लक्षात ठेव.”

“औषध बंद? बरं.” आजी जरा थांबल्या. “अरे पण त्यांची ती...”

“आई! बंद म्हणजे बंद. आता फाटे फोडू नकोस. मला अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर जायचंय.”

आणि तो गेला. आजी बाकावर बसून राहिल्या. संध्याकाळी सून त्यांना कपडे बदलायला घरी घेऊन गेली, तेव्हा त्यांनी फळीवरची खोकल्याची बाटली उचलली आणि मोरीत ओतून टाकली.

* * *

आणि मग ते दिवस सुरू झाले. मंडळी, देव न करो आणि असे दिवस कुणाच्या वाट्याला न येवोत.

वॉर्ड लांबलचक होता. दोन्ही बाजूंना खाटा, मधून चाकाची ट्रॉली खडखडत जायची. एका रुग्णापाशी एकच नातेवाईक, असा नियम. हेडक्लार्कला कचेरी होती, सुनेला घर होतं, म्हणून खाटेपाशी आजीच असायच्या. स्टुलावर बसायच्या, मास्तरांचं तोंड पुसायच्या, चादर सारखी करायच्या. राउंडला डॉक्टर आले की सिस्टर सांगायची, “आजी, जरा बाजूला,” आणि आजी भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. हेडक्लार्क राउंडच्या वेळी न चुकता यायचा. जे काही बोलणं व्हायचं ते डॉक्टरांचं आणि त्याचं. आजींच्या डोक्यावरून सगळं जायचं, आणि त्या खाली मान घालून ऐकायच्या.

सोडियम जरा चढलं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. दुसऱ्या रिपोर्टमध्ये पुन्हा घसरलं. सलाईन बदललं, पाणी मोजून द्यायला लागले. चढलं, पुन्हा घसरलं. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी छातीचा फोटो काढला, मेंदूचा फोटो काढला, कुठे गाठबीठ नाही ना ते पाहिलं. काही सापडेना.

मास्तर मात्र दुकानात होते. डोळे अर्धवट मिटलेले, आणि हात चालू. चादरीची कड चिमटीत धरायचे, वितीने मापायचे, हवेत कात्री चालवायचे. शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, “आजोबांचं काम जोरात चाललंय की!” आणि मग त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

एकदा त्यांनी आजींकडे नीट पाहिलं. आजी आनंदाने पुढे झुकल्या. “अहो, मी आहे. ओळखलंत ना?”

“बाई, तुमचे कपडे अजून झाले नाहीत,” मास्तर म्हणाले. “शुक्रवारी या.”

आजींनी ओठ घट्ट मिटले. मग म्हणाल्या, “बरं. शुक्रवारी येते.”

“आणि कापड जरा कमी पडलंय.”

“चालेल हो. होईल तेवढ्यात शिवा.”

एवढं बोलून त्या वळल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या. आवाज होऊ दिला नाही. वॉर्डात रडलं की सिस्टर रागावते, असं त्यांना वाटायचं.

हेडक्लार्कचीही दशा वेगळी नव्हती. कचेरीत समोरच्या कागदावरचं अक्षर दिसेना. सही करायची ती भलत्याच ठिकाणी केली, तर शिपाई म्हणाला, “साहेब, जरा घरी जा.” एका नातेवाइकाने फोनवर समजूत काढली, “आता या वयात किती धावपळ करणार? मनाची तयारी ठेव.” हेडक्लार्क बरं म्हणाला आणि फोन ठेवल्यावर जिन्यात बसून हमसाहमशी रडला. बाप जाणार, हे त्याला आता दिसत होतं. आणि का जाणार, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

आणि भर दुपारी, भेटीच्या वेळी, मास्तरांना झटका आला. एकाएकी मान मागे गेली, दात आवळले गेले, अंग ताठ होऊन खाट हादरायला लागली. “अहो! अहो!” आजी ओरडल्या. पडदे ओढले गेले, सिस्टर धावल्या, शिकाऊ डॉक्टरने सुई टोचली. हेडक्लार्क पडद्याबाहेर भिंतीवर डोकं टेकून उभा राहिला. 

झटका थांबला. मास्तर निपचित पडले. रिपोर्ट आला, सोडियम पहिल्या दिवसाच्याही खाली गेलं होतं.

“मॅडम, खरं सांगा,” हेडक्लार्क म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही. “दुसरा असा झटका यांना झेपणार नाही. आणि मला कळत नाहीये की हे का होतंय. आम्ही घागर भरतोय आणि ती खालून गळतेय. लघवीची तपासणी सांगते की मीठ अजून बाहेर फेकलं जातंय. जणू ती गोळी अजून चालूच आहे.”

“शक्यच नाही! मी स्वतः बंद केलीय.”

“नक्की?”

“मॅडम, मी स्वतः सांगितलंय!”

* * *

दुसऱ्या सकाळी राउंडच्या आधीच डॉक्टरीणबाई एकट्या वॉर्डात आल्या. आजी स्टुलावर होत्या. त्या नेहमीप्रमाणे उठून भिंतीकडे सरकायला लागल्या, तर डॉक्टरीणबाईंनी दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसल्या.

“आजी, कुठे चाललात? बसा. तुमच्याशीच बोलायचंय.”

“माझ्याशी?” आजींनी आजूबाजूला पाहिलं. “मुलगा येईल आत्ता. त्याला सगळं माहीत आहे.”

“मला तुमच्याकडून ऐकायचंय. मास्तर घरी असतात तेव्हा सकाळी उठल्यापासून काय काय करतात?”

हा प्रश्न आजींना आवडला. किती दिवसांत कुणी त्यांच्याशी मास्तरांबद्दल बोललं नव्हतं. त्यांचा चेहरा मोकळा झाला. “उठतात लवकर. तोंड धुतात. मग चहा. चहा मीच लागते करायला, सुनेच्या हातचा चालत नाही, तिला मात्र सांगतात की फार छान झालाय. लबाड आहेत हो! मग त्यांची गोळी. मग पेपर घेऊन बसतात, भिंग लावून...”

“गोळी,” डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. “आणि इथे?”

“इथे कुठला पेपर?”

“गोळी, आजी. इथे गोळी कशी करता?”

“ती देते की. एक दिवस चुकवली नाही.” आजी जरा अभिमानानेच म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून चष्म्याची जुनी डबी काढली. आत दोन पट्ट्या होत्या. “ही सकाळची, ही रात्रीची. तोंड पुसताना देते. पण आज सकाळी तोंडच उघडेनात. मग चमच्यात विरघळवून दिली, थेंब थेंब. काल झटका आला ना, मला वाटलं सकाळची द्यायला उशीर झाला म्हणूनच आला. ते पहिले डॉक्टर म्हणाले होते, ही एक दिवस जरी चुकवली तरी झटका येईल. मी मेली कमनशिबी, चुकले!”

नेमका त्याच वेळी हेडक्लार्क मागे येऊन उभा राहिला होता. त्याने डबी पाहिली. शेवटची वाक्यं ऐकली. आणि वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, “आई! काय केलंस हे? औषधं बंद करायला सांगितली होती ना तुला? स्वतःच्या हाताने मारलंस तू त्यांना! मारलंस!”

 आजींना क्षणभर काही समजलंच नाही. मग समजलं. त्यांच्या हातातून डबी पडली.

“औषध बंद केलं रे,” त्या पुटपुटल्या. “खोकल्याचं औषध मोरीत ओतलं. ही तर गोळी आहे. रोजची. हे काय औषध आहे का?”

मंडळी, थांबा जरा. हसू नका, आणि कपाळाला हातही लावू नका. घरी जा आणि आपल्या आजीला विचारा, “तुला काही औषधं चालू आहेत का?” ती म्हणेल, “छे, मला काही झालेलं नाही.” मग विचारा, “गोळ्या?” ती म्हणेल, “त्या आहेत की, रोजच्या.” आजारी पडल्यावर चार दिवस घ्यायचं ते औषध. रोज घेतो ती गोळी, तिला औषध कोण म्हणतं? चहाला कुणी औषध म्हणतं का? आजींच्या घरात या दोन शब्दांचे दोन अर्थ होते, आणि मुलगा त्याच घरात लहानाचा मोठा झाला होता. त्याला हे माहीत नसावं? माहीत होतं. पण तो आईशी बोललाच कुठे होता? त्याने सूचना दिली होती.

डॉक्टरीणबाईंनी आधी सिस्टरला बोलावून डबी उचलायला लावली, शिकाऊ डॉक्टरला चार गोष्टी भराभर सांगितल्या. मग त्या हेडक्लार्ककडे वळल्या. आवाज चढवला नाही.

“आईंना काय सांगितलंत तुम्ही?”

“सांगितलं की... औषधं बंद.”

“मग त्यांनी ती बंद केली. तुमचा शब्द तंतोतंत पाळला. त्या काही विचारत होत्या का तेव्हा?”

हेडक्लार्कला बाक आठवला. ‘अरे पण त्यांची ती...’ पुढचं ऐकायला तो थांबला नव्हता. त्याने मान खाली घातली.

“त्यांच्यावर खापर फोडू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चोवीस तास माणसापाशी कोण बसलंय? त्या. तोंडात घास कोण घालतंय? त्या. आणि आपण बोलतो कुणाशी? एकमेकांशी, त्यांना भिंतीला उभं करून! मीसुद्धा तेच केलं. रोज राउंडला त्यांना बाजूला व्हायला लावलं आणि तुम्हाला विचारलं, बंद आहे ना? तुम्ही म्हणालात हो, मी लिहून घेतलं हो. चूक माझीही आहे. ती मी माझ्या वरिष्ठांपुढेही सांगणार आहे.”

“पण मॅडम, त्या डॉक्टरांनी तरी अशा गोळ्या का दिल्या?”

“ब्लडप्रेशरवाल्यांनी ब्लडप्रेशरची बरोबर दिली. झोपवाल्यांनी झोपेची बरोबर दिली. प्रत्येकाची गोळी आपापल्या जागी बरोबर. पण साऱ्या गोळ्या एकाच पोटात जातात, हे कुणी पाहिलं? दुसऱ्या डॉक्टरांना पहिलीबद्दल सांगितलं होतं तुम्ही?”

“त्यांनी विचारलं नाही.”

“आणि तुम्ही सांगितलं नाहीत. म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या वाढतच जातात, साहेब. चढवणारे खूप, उतरवून बघणारा कुणी नाही. आणि नवीन गोळीनंतर माणूस एकाएकी बरळायला लागला, तर आपण म्हणतो वय झालं! वय एका रात्रीत होत नाही हो. ती धोक्याची घंटा असते.”

 हेडक्लार्कला आईचं ते वाक्य आठवत होतं. आठवड्याभरात कुणी एवढं म्हातारं होतं का?

* * *

गोळ्या आता खरोखर बंद झाल्या. पण पोटात गेलेलं लगेच काढून घेता येत नाही. वाट पाहणं एवढंच हातात होतं, आणि ते सगळ्यात कठीण. सोडियम थेंबाथेंबाने चढत होतं. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, असंच चढू दे, घाई नको.

आजी मात्र वॉर्डात यायला तयार होईनात. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून राहायच्या. सुनेने आणलेलं जेवण तसंच परत जायचं. “मी जवळ गेले तर पुन्हा काहीतरी होईल,” म्हणायच्या. “माझे हात वाईट.” कुणी समजूत घालायला लागलं की दोन्ही हात पदराखाली लपवायच्या.

हेडक्लार्क येऊन त्यांच्या शेजारी बसला.  आयुष्यभर दुसऱ्यांना सूचना दिलेला माणूस, माफी मागायची कशी हे त्याला ठाऊकच नव्हतं.

“आई, वाईट तुझे हात नाहीत,” तो शेवटी म्हणाला. “माझं तोंड वाईट. तू विचारत होतीस आणि मी ऐकलं नाही. आणि वर सगळ्यांदेखत तुला ते... ते बोललो. मला क्षमा कर.”

आजी त्याच्याकडे बघत राहिल्या. “ते जगतील ना रे?”

“माहीत नाही, आई.” तो खोटं बोलला नाही. “पण आज काय रिपोर्ट आला ते सांगू का? नीट सांगतो. कळलं नाही तर थांबव मला.”

आणि त्याने सांगितलं. सोडियम म्हणजे काय, गोळीने काय झालं, हळूहळूच का चढवायचं. आजींनी तीनदा थांबवलं. तो तीनदा थांबला. एका प्रश्नाचं उत्तर त्यालाही येत नव्हतं, तेव्हा उठून सिस्टरला विचारून आला. आजींनी त्या दिवशी दोन घास खाल्ले.

पुढे एका सकाळी मास्तरांनी डोळे उघडले. चादरीवरचे हात शांत होते. मुलगा समोर होता. त्याच्याकडे निरखून पाहत ते क्षीण आवाजात म्हणाले, “कॉलर कुठल्या गाढवाने शिवली रे तुझी?”

हेडक्लार्क हसला आणि हसता हसता ढसाढसा रडायला लागला. “बाबा! बाबा, शर्ट तयार आणलाय!”

“तरीच,” मास्तर म्हणाले. “ही कुठाय?”

आजी दारात येऊन उभ्या राहिल्या, आत येईनात. झटक्याने आणि पडून राहण्याने मास्तरांच्या अंगातलं बळ गेलं होतं. पुन्हा आधाराशिवाय चालता येईल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. पण माणूस परत आला होता. ज्याची आशा सोडली होती, तो कॉलरला नावं ठेवत होता.

तेवढ्यात सिस्टर ट्रे घेऊन आली. ब्लडप्रेशरची नवी गोळी होती, मीठ न घालवणारी. तिने ती मास्तरांच्या तोंडाजवळ नेली. मास्तरांनी तोंड मिटून घेतलं आणि मान आजींकडे वळवली. “गोळी ही देते.”

“नको!” आजी दोन पावलं मागे गेल्या. “माझ्या हाताने नको. सिस्टर, तुम्हीच द्या. अहो, ऐका ना, यांच्या हातून घ्या.”

“तू दे,” मास्तर म्हणाले आणि तोंड उघडून वाट पाहत राहिले.

त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. आजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. हेडक्लार्क उठला, आईला खाटेपाशी घेऊन आला, आणि सिस्टरला म्हणाला, “ही कशाची, किती, कधीपर्यंत, आणि काय झालं तर थांबवायची, ते आधी आईला सांगा. मला नको, तिला सांगा.”

सिस्टरने सांगितलं. आजींनी ऐकलं. मग डोळे पुसले आणि विचारलं, “या गोळीने हे पुन्हा बरळायला लागले तर?”

“तर लगेच आम्हाला सांगायचं, आजी. आणि मध्ये मध्ये रक्त तपासायचं.”

“किती दिवसांनी?”

सिस्टरने तेही सांगितलं. तेव्हा कुठे आजींनी गोळी उचलली.  गोळी मास्तरांच्या जिभेवर ठेवली, घोटभर पाणी पाजलं, आणि त्यांनी गिळेपर्यंत श्वास रोखून उभ्या राहिल्या.

“किती हात गार तुझा,” मास्तर म्हणाले, आणि तो हात त्यांनी धरून ठेवला.

मंडळी, मास्तर वाचले. सगळे वाचत नाहीत. म्हणून हात जोडून सांगतो. ही गोष्ट वाचून घरातल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, आणि कुणाच्या ताटात मीठही वाढवू नका. तो शहाणपणा डॉक्टरांवर सोडा. आपल्याला करायचं ते एवढंच. डॉक्टर नवा असो की जुना, घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, यातली कुठली आता नको? म्हातारं माणूस एकाएकी बदललं तर वयाला दोष देऊन मोकळे होऊ नका, रक्त तपासा. आणि जी बाई त्या माणसापाशी रात्रंदिवस बसते, तिला भिंतीला उभी करू नका. तिला स्टूल द्या, तिच्याशी तिच्या शब्दांत बोला. आपण सांगितलं म्हणजे तिला कळलं, असं नसतं. ती काय समजली ते तिच्या तोंडून ऐका, आणि ती ‘अरे पण’ म्हणाली, तर कितीही घाई असली तरी थांबा.